कातानियाची सांता आगाता: ३ ते ५ फेब्रुवारीची यात्रा, जाणाऱ्यांसाठी

आईचं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा वॉर्डमधल्या एका केरळी सिस्टरनी तिच्या उशाखाली छोटंसं चित्र ठेवलं होतं. हातात तबक घेतलेली एक मुलगी, तबकात काय आहे ते तेव्हा मी नीट बघितलंच नाही. नंतर कळलं की ती सांता आगाता आणि तबकात तिचेच कापलेले स्तन. तेव्हापासून कातानियाला जायचं मनात होतं, ह्या फेब्रुवारीत शेवटी जाऊन आले.

कातानिया म्हणजे इटलीतल्या सिसिली बेटावर, एटना ज्वालामुखीच्या पायथ्याशी. आगाता इथलीच, चांगल्या घरातली, ख्रिस्ताला वाहून घेतलेली. रोमन सम्राट डेसियसच्या काळात ख्रिस्ती लोकांचा छळ चालला होता, त्यात गव्हर्नर क्विन्तियानुसची हिच्यावर नजर गेली, ही नाही म्हणाली, त्याने कुंटणखान्यात ठेवून बघितलं तरी नाहीच म्हणाली, मग तुरुंग आणि तो प्रकार. कथेत ती त्याला विचारते, ज्यावर तुझ्या आईने तुला वाढवलं तेच कापताना तुला लाज नाही वाटली? हे वाक्य मी तिथे, तिच्या तुरुंगाच्या जागी असलेल्या चर्चमध्ये, बसून परत वाचलं आणि बराच वेळ उठताच आलं नाही. रात्री येशूचा शिष्य संत पेत्रुसने येऊन जखमा भरल्या म्हणतात, पुढे निखाऱ्यांवर लोळवलं आणि ५ फेब्रुवारी २५१ ला ती गेली. वर्षभरात एटना फुटला तेव्हा लोक तिची ओढणी घेऊन लाव्ह्यासमोर उभे राहिले आणि लाव्हा थांबला, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. स्तनांच्या आजारात तिलाच हाक मारतात, नर्सेसचीही ती संत.

आता यात्रेचं. ३ तारखेला मेणबत्त्या अर्पण करायची मिरवणूक आणि रात्री कॅथेड्रलसमोर, म्हणजे हत्तीच्या कारंज्याच्या चौकात, आतषबाजी. खरं बघायचं ते ४ ला पहाटे. तेव्हा तिची मूर्ती कॅथेड्रलमधल्या बंद कोठडीतून बाहेर काढतात. चांदीची, १३७६ ची, दागिन्यांनी मढलेली, आत तिचे अवशेष. चेहरा दिसला की आख्खं चर्च रुमाल हलवत ओरडतं, ‘चित्तादीनी, वीवा सांत’आगाता!’, म्हणजे नागरिकांनो, सांता आगाताचा जयजयकार! माझ्या शेजारच्या आजी नुसत्या रडत होत्या, मग मीपण. ह्यासाठी दार उघडायच्या खूप आधी रांगेत लागा, नाहीतर आत शिरताच येत नाही.

मग तिला चांदीच्या रथात बसवतात, शंभर मीटरपेक्षा लांब दोन दोर, आणि पांढरा झगा, काळी मखमली टोपी घातलेले भक्त ते ओढतात. ४ ला रथावर गुलाबी कार्नेशनची फुलं, ५ ला पांढरी. पुढे कान्नलोरी चालतात, म्हणजे खाटीक, मासेवाले, बेकरीवाले असल्या एकेका धंद्याचे नक्षीदार उंच मेणबत्ती-मनोरे, खांद्यावर घेऊन झुलवत नेतात. काहीजण नवसाची स्वतःच्या वजनाची मेणबत्ती घेऊन चालतात, मला आपली गुळाची तुला आठवली.

शूजबद्दल सिरीयसली सांगते. रस्त्यावर इतकं मेण सांडतं की चालताना पाय सटकतात, भुसा टाकतात तरी. ग्रिपवालेच शूज घाला, आणि जुने जॅकेट, कारण मेण कपड्यांवरपण पडतं. दोरांच्या जवळ लहान मुलं नेऊ नका, सान्ज्युलियानोच्या चढावर तर नाहीच, तिथे रथ जोरात वर ओढतात आणि गर्दी एकदम सरकते. रूम महिनोन्महिने आधी बुक करा आणि सेंटरमध्येच घ्या, कारण रस्ते बंद असतात. एअरपोर्टवरून ‘आलीबस’ नावाची बस येते, शहर जवळच आहे. भारतातून येणाऱ्यांनी शेंगेन व्हिसाचं लवकर बघा. यात्रेच्या दिवसांत जमलं नाही तर १७ ऑगस्टला छोटा उत्सव असतो, कॉन्स्टँटिनोपलला नेलेले तिचे अवशेष ११२६ मध्ये परत आले त्याचा.

दिवसा गर्दी कमी असेल तेव्हा स्तेसिकोरो चौकात जा. तुरुंगाचं चर्च आणि निखाऱ्यांची भट्टी दाखवतात ते चर्च, दोन्ही तिथे पाच मिनिटांच्या अंतरावर. तुरुंगात लाव्ह्याच्या दगडावर तिची पावलं दाखवतात. मिठाईच्या दुकानात ‘मिन्ने’ मिळतात, स्तनाच्या आकाराचे, आत गोड रिकोटा म्हणजे मऊ चीज, वर पांढरं आयसिंग आणि चेरी. मला पहिला घास जड गेला. पण तिथल्या बायका ते इतक्या मायेने एकमेकींना देत होत्या की दुसरा मी मागून घेतला.

६ तारखेची सकाळची फ्लाइट अजिबात घेऊ नका. ५ च्या संध्याकाळी निघालेला रथ रात्रभर फिरतो आणि ६ ला सकाळी कधीतरी क्रोचीफेरी रस्त्यावर पोचतो. तिथे मठातल्या बेनेडिक्टाइन सिस्टर्स जाळीच्या आतून तिच्यासाठी गातात. दोन दिवस ओरडून घसा बसलेली ती सगळी गर्दी एकदम गप्प होते. मी आईला व्हिडिओ कॉल लावला, तिच्याकडे दुपार होती, जेवण चाललं होतं. गाणं संपलं तरी ती म्हणाली, थांब, कट करू नको, तिचा चेहरा दाखव परत एकदा.