बाबांची बिडाची शेगडी चवथीपर्यंत पेटवायचीच होती

माहेरी, गोव्यातल्या फोंड्याला, मागच्या कोठीत बाबांच्या खाणावळीतली एक बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, गॅसशेगडी पडून होती, दोन रिंगांची, आतली लहान आणि बाहेरची मोठी, दोघींना वेगळे कॉक. खाणावळ बंद झाल्यापासून तिच्यावर नारळ ठेवायचे. यंदा चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आम्ही सगळे मिळून तीसेक माणसं जमणार होतो आणि खतखत्याचं (मिश्र भाज्यांच्या रस्स्याचं) भाण, म्हणजे मोठं पातेलं, घरच्या स्टीलच्या शेगडीवर ठेवलं की डुगडुगतं, मागच्या वर्षी ते जवळजवळ कलंडलंच होतं, म्हणून मी ठरवलं की हीच शेगडी नीट करायची.

आधी बीड तडकलंय का ते पाहिलं. रिंग हातात लोंबती धरून पान्याने हळूच ठोकायची, चांगली असेल तर घंटेसारखी वाजते, तडा असेल तर बद्द आवाज येतो. दोन्ही रिंगा छान वाजल्या, एक पाय तेवढा बद्द बोलला. बीड वेल्डिंगला फार नखऱ्याचं, आधी नीट तापवलं नाही तर शेजारीच नवा तडा जातो, त्यामुळे तो पाय मी ब्रेझिंग करून, म्हणजे वितळलेल्या पितळेने सांधून घेतला. स्क्रू सगळे गंजून बसले होते. त्यांच्यावर चार दिवस रोज रॉकेल सोडत राहिले आणि मग ते सुटले. इथे घाई अजिबात करू नका कारण स्क्रूचं डोकं तुटलं की बिडात ड्रिल करून तो काढणं म्हणजे मोठंच काम. एका जॉइंटला पांढरी दोरी गुंडाळलेली होती, जुन्या सामानात ती ॲस्बेस्टॉसची असू शकते, म्हणून कोरडी खरवडली नाही, पाण्याने भिजवून, मास्क लावून काढली आणि पिशवीत बंद केली.

गंजासाठी साधं पांढरं व्हिनेगर अर्धं पाणी घालून वापरलं (माडाचं व्हिनेगर यात घालवायला जीव झाला नाही). दोन दोन तास बुडवायचं, तारेच्या ब्रशने घासायचं, परत बुडवायचं. रात्रभर ठेवू नका, गंज संपला की ते लोखंडच खायला लागतं. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्यात धुतलं. पण श्रावणातली गोव्याची हवा! पुसून ठेवलं आणि चहा पिऊन येईपर्यंत सगळ्यावर केशरी झाक आलेली. दोनदा हेच झालं, मग तिसऱ्यांदा धुतल्याबरोबर दुसऱ्या शेगडीच्या मंद आचेवर ठेवून वाळवलं तेव्हा टिकलं. पितळेचे कॉक आणि जेट (गॅस सोडणारी बारीक भोकाची तोंडं) आईने भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, सोलांच्या पाण्यात टाकले, अर्ध्या तासात सोन्यासारखे.

रंगाचं म्हणाल तर उष्णता सोसणारा काळा रंग फक्त सांगाड्याला आणि पायांना दिला. रिंगेला काहीच नाही, तिथला रंग जळतो आणि भोकं बुजतात. तव्यासारखं खोबरेल तेल लावून सिझनिंग करायचा प्रयत्न केला होता, नुसता चिकट धूर झाला.

खरी परीक्षा पेटवताना झाली. घरचं १४.२ किलोचं सिलिंडर, नवीन नारिंगी पाइप, सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे नाहीत हे बघितलं, शेगडी मागच्या उघड्या पडवीत ठेवली कारण हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचून राहतो. पेटली, पण ज्योत पिवळी, लोळत असलेली, आणि पाच मिनिटांत टोपाचं बूड काळंकुट्ट. मला वाटलं भोकं बारीक झालीत, म्हणून आतल्या रिंगेची पाच भोकं ड्रिलने मोठी केली. ही माझी चूक, आणि हा सगळा मजकूर मी मुख्य त्याचसाठी लिहितेय. परत पेटवली आणि आच कमी केली तर फट्ट झालं, वरची ज्योत गायब आणि आत नळीत जेटच्या तोंडाशीच आग घोंघावतेय! लगेच कॉक आणि रेग्युलेटर दोन्ही बंद केले. हात थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी सगळं घेऊन बाजारातल्या गॅस दुरुस्त करणाऱ्या मेस्तांकडे गेले. रिंग बघितल्याबरोबर म्हणाले, "बाये, बुराक व्हड करूं नाका!" (बाई, भोक मोठं करू नका!) भोक बारीक असलं की ज्योत त्यातून मागे शिरू शकत नाही, कडेचं लोखंड तिला थंड करून विझवतं, आणि गॅसही वेगाने बाहेर येत असतो. भोक मोठं केलं की वेग पडतो आणि ज्योत आत चालत जाते. मग त्यांनी मिक्सिंगची नळी, जिच्यात गॅस आणि हवा मिसळते ती, लाकडावर आपटली आणि आतून कुंभारणीचं (मातीचं घर बांधणाऱ्या माशीचं) घरटं पडलं, आख्खं. गॅस होता पण हवाच जात नव्हती, पिवळ्या ज्योतीचं कारण ते! या गॅसमधल्या प्रोपेनच्या एका भागाला पूर्ण जळायला २४ भाग हवा लागते, ब्युटेनला ३१, त्यातली बरीचशी सुरुवातीची हवा जेटच्या मागून त्या नळीतच ओढली जाते. आणि मी बसले होते भोकं कोरत.

अजून एक गोष्ट निघाली. फोनवर बाबा म्हणाले, "अगं, आमच्याकडे १९ किलोचा सिलिंडर आणि हाय प्रेशरचा रेग्युलेटर होता." म्हणजे जेट त्या दाबाचा, अगदी बारीक, आणि घरचा रेग्युलेटर साधारण ३० मिलिबारच देतो. मेस्तांनी घरच्या दाबाचे जेट बसवले आणि त्यांच्या ढिगातून तशाच मापाची लहान रिंग शोधून दिली. हवा कमीजास्त करणारी चकती फिरवून फिरवून ज्योत निळी केली, आतला कोन टोकदार दिसेपर्यंत. फार उघडली तर ज्योत भोकावरून उचलली जाते आणि सूं सूं करते, तेव्हा किंचित मागे घ्यायची. घरचा रेग्युलेटर काढून हाय प्रेशरचा लावायचा सल्लाही मला एकाने दिला होता, तो मी मानला नाही आणि घरात कुणी मानू नये असंच माझं मत आहे.

चवथीला भाण तिच्यावर चढलं. उकळी येईपर्यंत दोन्ही रिंगा, मग सुरण, नीरफणस, मक्याची कणसं शिजायला फक्त आतली. भाण जरासुद्धा हललं नाही. बीड बंद केल्यावरही बराच वेळ तापलेलं असतं, त्यामुळे तिरफळं घालून झाली की पाचेक मिनिटं आधीच बंद करते, खाली लागत नाही. गरम असताना ओलं फडकं मात्र लावायचं नाही, तडकेल. पूर्ण थंड झाली की कोरडी पुसून, सांगाड्यावर तेलाचा हलका हात, आणि नळीच्या तोंडाला कापड बांधून ठेवते, परत कुंभारीण नको. पेटवायच्या आधी ते कापड काढायचं, म्हणून कॉकलाच एक लाल दोरी बांधलीय.

बाबा पंगतीआधी खुर्ची घेऊन शेगडीजवळच बसले होते. आता म्हणतात खाणावळीतलं मोठं भाण पण माळ्यावरून काढ. खतखत्यात सोलांचा आंबटपणा असतो, त्यामुळे आधी त्याला आतून कल्हई करून आणायला हवी.