लोन फिटलं की...

होम लोन मंजूर झालं की बँकेतून चार-पाच पानांचा एक तक्ता मिळतो. कुठल्या हप्त्यात व्याज किती आणि मुद्दल किती, हे सांगणारा. त्याचं नाव अमॉर्टायझेशन शेड्यूल. आमच्याकडे त्याला कुंडली म्हणतात, कारण पुढच्या २० वर्षांत काय काय भोगायचंय ते सगळं त्यात आधीच लिहिलेलं असतं. बहुतेक लोक हा तक्ता फायलीत लावतात, विसरतात आणि सुखाने राहतात. माझ्या नवऱ्याने तो वाचला.

आमचं लोन २०१८ चं. पुण्यात धायरीतला टू बीएचके, ३० लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के. हप्ता २६ हजार आणि वर चिल्लर. त्यातल्या पहिल्या हप्त्यातले २१,२५० रुपये नुसत्या व्याजात गेले आणि मुद्दल फिटलं ते पावणेपाच हजार. पहिलं अख्खं वर्ष इमानेइतबारे हप्ते भरून तीन लाखांच्या वर पैसे गेले आणि मुद्दलातून कमी किती झाले तर ६० हजारसुद्धा नाहीत. दर शेवटपर्यंत तोच राहिला असं धरलं तर एकूण भरायचे साडेबासष्ट लाखांच्या आसपास, म्हणजे आपण स्वतःला एक फ्लॅट घेतो आणि बँकेला त्याच्यापेक्षा जरासा मोठा घेऊन देतो. हे नवऱ्याने मला रात्री साडेअकराला उठवून सांगितलं होतं. मी म्हणलं, बरं, उद्या बोलू, सकाळी डबा आहे.

पण कुंडलीतली खरी गंमत पुढे आहे. हप्त्यातला मुद्दलाचा भाग व्याजाच्या पुढे जातो तो बाराव्या वर्षाच्या शेवटाला. तोपर्यंत आपण मुख्यतः व्याजच फेडत असतो. त्यामुळे जास्तीचे पैसे कधी भरता याला फार महत्त्व. पहिलं वर्ष संपताना एक लाख जादा भरले की शेवटचे १८ हप्ते गळून पडतात, म्हणजे साडेचार लाखांच्या वरचे हप्ते. तेच एक लाख बाराव्या वर्षानंतर भरले तर सात-साडेसात हप्ते कमी होतात. लाख तोच, बँक तीच, फरक फक्त तारखेचा. आणि फ्लोटिंग रेटच्या, म्हणजे बदलत्या व्याजदराच्या होम लोनवर मुदतीआधी पैसे भरायचा दंड बँकांना लावता येत नाही, रिझर्व्ह बँकेने तो २०१२ सालीच बंद केलाय. हे कळल्यावर नवऱ्याच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते आमच्या लग्नाच्या अल्बममध्येही कुठे नाहीये.

मग सुरू झालं आमचं काटकसर पर्व. दिवाळीचा बोनस थेट लोनला. गुढीपाडव्याला गुंजभर सोनं घ्यायची आमच्याकडची पद्धत, ती बंद, फक्त श्रीखंड. ते पण चक्का आणून घरी, वेलची मात्र सासूबाईंनी सोडली नाही. ऑफिसचा डबा, गाडीऐवजी पीएमटी (पीएमपीएमएल म्हणायला पाहिजे पण आमच्या तोंडात अजून पीएमटीच बसलंय), साय साठवून तूप तर आधीपासून होतंच, आता ताकाची कढी पण हटकून व्हायला लागली. डी मार्टमध्ये यादी घेऊन जायचं आणि यादीबाहेर हात गेला की नवरा नुसता बघायचा, बोलायचा काही नाही, ते बघणं जास्त लागायचं. आणि प्रत्येक गोष्टीवर एकच उत्तर तयार असायचं, लोन फिटलं की. मोठा टीव्ही? लोन फिटलं की. ओट्याला ग्रॅनाइट? लोन फिटलं की. केरळ? विचारूच नका.

दर वर्षी पार्ट पेमेंटला, म्हणजे हे जादा पैसे भरायला, आम्ही बँकेत जोडीने जायचो. ऑनलाइन होतं सगळं, पण नवऱ्याला काउंटरवर चेक द्यायचा असायचा. तिथल्या मॅडम दर वेळी विचारायच्या, "ईएमआय कमी करायचा की टेन्युअर?", म्हणजे हप्ता की मुदत, आणि हा जणू वर्षभर याच प्रश्नाची वाट बघत असल्यासारखा सावरून बसून म्हणायचा, "टेन्युअर." मॅडम कीबोर्डवर काहीतरी बडवायच्या, प्रिंटर कुरकुरायचा, नवीन कुंडली हातात यायची. हा तिथेच उभ्या उभ्या शेवटचं पान काढून शेवटची तारीख बघायचा, मग ते पान मला दाखवायचा. बाहेर आल्यावर कोपऱ्यावरच्या टपरीवर एक कटिंग दोघांत. सेलिब्रेशन.

मला या सगळ्याचा राग नव्हता हे आधीच सांगते. मला हिशोब पटत होता, अजूनही पटतो. माझी अडचण वेगळीच होती आणि ती सापडायला वेळ लागला. घर घेतलं तेव्हा लेक दोन वर्षांची होती. म्हणजे तिचीही एक कुंडली चालू होती, बँकेने न दिलेली. आणि दोन्ही कुंडल्या शेजारी ठेवल्या की दिसतं की लोनमध्ये पैशाला सगळ्यात जास्त किंमत ज्या वर्षांत असते, त्याच वर्षांत पोर लहान असतं. एक लाखात १८ हप्ते गळतात ते वर्ष आणि पोरगी समुद्र बघून "बाबा, हा नळ कोणी उघडा ठेवला" म्हणते ते वर्ष, एकच. बाराव्या वर्षी मुद्दल व्याजाच्या पुढे जाईल तेव्हा ती नववी-दहावीत असेल, क्लास असेल, मैत्रिणी असतील, आमच्याबरोबर गुहागरला यायला ती तयार होईल का याची कोण गॅरंटी देणार. लोनचं गणित म्हणतं आत्ता भरा, नंतर भरून उपयोग कमी. घरातलं गणित पण अगदी तेच म्हणतं. दोघंही बरोबर आहेत आणि पाकीट एक.

हे मला उमजलं त्याचं निमित्त म्हणजे लेकीची बाहुली. सीनियर केजीत असेल, एका दुपारी बाहुलीला मांडीवर घेऊन दटावत होती, रडायचं नाही, नवा फ्रॉक आता नाही, लोन फिटलं की घेऊ. सूर अगदी बाबाचा. नवरा दारात उभा. मी हसले, तो हसला नाही. सासूबाईंनी पेपरमधून मान वर करून विचारलं, "बाहुलीचं पण लोन आहे का गं? कुठल्या बँकेचं?"

नवऱ्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे. त्याची ही घाई कुठून येते ते मला माहितीये. सासऱ्यांनी सगळी नोकरी भाड्याच्या घरात काढली. घर बांधलं ते रिटायर झाल्यावर, फंडाच्या पैशातून, आणि नव्या घरात त्यांना जेमतेम काही वर्षं मिळाली. कर्ज शब्दाची त्यांना एवढी धास्ती की पतसंस्थेचं साधं लोनसुद्धा ते कोणाला कळू न देता फेडायचे. त्या पिढीने आधी आयुष्यभर साठवलं आणि मग घर घेतलं, आपण आधी घर घेतलं आणि आता साठवतोय. काटकसर दोन्हीकडे तीच, फक्त त्यांची झाली तेव्हा पोरं भाड्याच्या दोन खोल्यांत वाढली आणि आमची होतेय तेव्हा पोरीला स्वतःचा कोपरा आहे. एवढं मात्र लोनला मार्क द्यायला हवेत.

दुसरी घाई २०२२ नंतरची. मे महिन्यात रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, चार टक्क्यांवरून वर जायला लागला तो फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर, आणि त्याच्यामागोमाग होम लोनचे दरही. माझ्या नणंदेने २०२१ मध्ये पावणेसात टक्क्यांनी लोन घेतलं होतं, स्वस्त आहे म्हणून सगळ्यांनी पेढे खाल्ले होते. दर सव्वानऊपर्यंत गेले तेव्हा जुना हप्ता जवळजवळ अख्खा व्याजातच जायला लागला. बँकेने आधी काही न विचारता मुदत वाढवली, मग ती वाढवायलाही जागा राहिली नाही म्हणून हप्ता वाढवला. तिने कागद बघितला तर लोन नवऱ्याच्या रिटायरमेंटच्या पलीकडे गेलेलं. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की हप्ता वाढवायचा की मुदत हे ग्राहकाला विचारा, पण तोवर वन्संचा ब्लडप्रेशर चालू झाला होता. ते बघून आमच्याकडे कटिंगसुद्धा बंद व्हायची वेळ आली. पुढे २०२५ मध्ये दर उतरले तेव्हा नवऱ्याने एक काम मात्र शहाणपणाचं केलं, हप्ता कमी करू दिला नाही, होता तोच ठेवला. तेवढे पैसे जाताना काही वाटत नाही, कारण ते आधीपासून जातच होते.

आणि प्रत्येक ऑफिसात एक एसआयपीवाला असतो, दर महिन्याला म्युच्युअल फंडात ठरावीक रक्कम टाकणारा. नवऱ्याच्याही आहे. तो म्हणतो लोन फेडतोस कशाला, म्युच्युअल फंडात टाक, १२ टक्के मिळतील, वर टॅक्सचा फायदा. टॅक्सचं तर आता असं झालंय की जुन्या रिजीममध्ये, म्हणजे जुन्या करपद्धतीत, राहत्या घराच्या व्याजाची दोन लाखांपर्यंत वजावट मिळते, नव्या रिजीममध्ये मिळत नाही, आणि आमच्यासारखे पुष्कळजण नव्यात गेलेत. राहिले १२ टक्के. ते मिळतीलही, पण त्यांची सही कोणी करून देत नाही आणि व्याज वाचतं ते नक्की वाचतं. तरी त्याचं एक म्हणणं मला पटतं. घरात टाकलेला पैसा अडकतो. २०२० मध्ये नवऱ्याचा पगार काही महिने कापून येत होता तेव्हा सगळी शिल्लक आदल्याच वर्षी लोनला देऊन बसलो होतो. सासूबाई एवढंच म्हणाल्या, सोनं मोडता येतं, बाथरूम मोडून विकता येत नाही. ते महिने त्यांच्या पाटलीवर निघाले. ती पाटली परत घडवून दिली, पण ते होईपर्यंत पार्ट पेमेंट बंद, आणि तो निर्णय नवऱ्याने स्वतः घेतला.

तेव्हापासून घरात तह झालाय. सहा महिन्यांचा खर्च एफडीत, त्याला हात लावायचा नाही. मेडिक्लेम आणि टर्म प्लॅन चुकवायचा नाही. बोनसचे तीन भाग, त्यातले दोन लोनला आणि एक घराला, आणि घराच्या भागाचा हिशोब एक्सेलमध्ये येणार नाही ही माझी अट. त्याने ती लगेच मान्य केली नाही. "निदान एका ओळीत एकूण तरी?" असं दोन दिवस चाललं होतं. वर्षाला एक हप्ता जादा भरला तरी २० वर्षांचं लोन साडेसोळा वर्षांत आटपतं, हे त्याचंच गणित मी त्याला परत वाचून दाखवलं. म्हणजे सगळंच्या सगळं ओतायची गरज नाहीये, थोडं पण नेमाने भरलं तरी मोठा तुकडा पडतो. दोन वर्षं उशिरा फिटेल, फिटू दे.

गुहागरला गेलो. हॉटेल नाही, घरगुती खोली, सकाळी घावन, दुपारी ज्याला जे हवं ते, आणि लेकीने आयुष्यात पहिल्यांदा लाटेत उभं राहून पायाखालची वाळू सरकते म्हणून किंचाळत बाबाचा शर्ट फाडला. जुनाच शर्ट होता म्हणा. काटकसरीत एक सांगण्यासारखं असतं, खर्च क्वचित होतो त्यामुळे तो लक्षात राहतो. ज्यांच्याकडे दर महिन्याला रिसॉर्ट असतं त्यांच्या पोरांना कुठलं काय होतं आठवत नाही, माझ्या भाच्याला विचारा.

एक मात्र अजून खटकतं. पार्ट पेमेंट म्हणून जे भरलं ते स्टेटमेंटवर एका नावाने दिसतं, फार तर को-अॅप्लिकंट म्हणून माझं. पण त्यात सासूबाईंचं न केलेलं चारधाम आहे, लेकीची न घेतलेली सायकल आहे, जी पुढे चुलतभावाची जुनी आली आणि तिने आनंदाने चालवली हे वेगळं. काटकसर करायची ठरवतो एकजण आणि सोसतात सगळे, आणि सोसणाऱ्यांत सगळ्यात कमी बोलतं ते सगळ्यात लहान आणि सगळ्यात म्हातारं माणूस. म्हणून आता बोनस आला की आम्ही चौघं बसतो. लेकीलाही मत असतं. गेल्या वर्षी ती म्हणाली आजीला आधी विचारा, आजी म्हणाली मला काही नको, मग लेक म्हणाली असं नाही, काहीतरी मागायचंच असा नियम आहे. आजीने पंढरपूर मागितलं. एसटीला ७५ वर्षांच्या वर तिकीट लागत नाही, त्यामुळे नवऱ्याने हा प्रस्ताव विक्रमी वेळात मंजूर केला.

नव्या कुंडलीप्रमाणे आता फार वर्षं राहिलेली नाहीत. लोन बंद झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात, उशीर केला तर बँकेने दिवसाला ५,००० रुपये द्यायचे असा नियम आहे, तो नवऱ्याला तोंडपाठ आहे आणि मला शंका आहे की बँकेने थोडा उशीर करावा अशी त्याची मनातून इच्छा आहे. अॅग्रीमेंट, इंडेक्स टू म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, सगळं ठेवायला सासूबाईंनी आत्ताच गोदरेजच्या कपाटात लॉकरचा खण रिकामा केलाय. परवा जेवताना त्या म्हणाल्या, लोन फिटलं की सत्यनारायण घालू.

नवऱ्याने आमटीची वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "किती जणांचा?"