कुर्डुवाडीचा खड्डा आणि फसवं होकायंत्र

सोलापूर जिल्ह्यात कुर्डुवाडीच्या आसपास बेसॉल्टच्या थरांखाली जुनी खचदरी (कवच ताणून जमीन खचल्यानं झालेली लांबट दरी) गाडली गेली असावी, असा अंदाज 1973 मध्ये गुरुत्वमापनावरून मांडला गेला. खाली पृथ्वीचं कवच किती जाड आहे ते पाहायला आम्ही तिथल्या शेतांत तात्पुरती भूकंपमापकं बसवत होतो. त्यातल्या एका खड्ड्यानं अर्धा दिवस खाल्ला.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि यंत्र तिरकं करते. म्हणून ती आणि खालचा मुरूम काढून थेट कातळावर सिमेंटचा ओटा घातलेला होता. यंत्रावरची खूण नेमकी उत्तरेकडे करावी लागते. अडलं ते या उत्तर दिशेपाशी. होकायंत्र ओट्यावर ठेवलं की एक दिशा, छातीशी धरलं की दुसरी. फरक आठ-नऊ अंशांचा. पहार, फावडं, जीप सगळं लांब नेलं, तरी तेच. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, त्यात कातळावर कधी वीज पडली असेल तर तेवढाच भाग जोरात चुंबकित होतो.

दूरच्या भूकंपाची पी-लहर (सगळ्यात आधी येणारी, वेगवान लहर) कवचाच्या तळाशी, म्हणजे मोहोशी, पोचली की तिचा काही भाग हळू चालणारी एस-लहर होऊन साडेचार-पाच सेकंद मागून वर येतो. या मागे पडलेल्या दर सेकंदाला ढोबळ आठ किलोमीटर धरले की जाडी निघते. थर सपाट असेल तर ही लहर भूकंपाच्या दिशेतच हलते. यंत्रच उत्तरेपासून फिरलेलं असेल तर ती आडवीही उमटते आणि मोहो कललेला भासतो. खरा कल असेल तर भूकंपाची दिशा बदलली की आडवी लहर उलटते. पण आपल्याकडे दूरचे बरेचसे भूकंप इंडोनेशिया ते जपान याच बाजूचे, त्यामुळे हा फरक कळायला महिने जातात. खचदरी शोधणाऱ्याला याहून वाईट चकवा नाही.

मग सूर्य. 25 डिसेंबरच्या सुमारास कुर्डुवाडीत तो दक्षिणोत्तर रेषेवर 12 वाजून 28 मिनिटांनी येतो आणि दोन मीटरच्या काठीची सावली पावणेदोन मीटर पडते. वेळ जीपीएसचीच हवी, कारण मिनिटभराच्या चुकीनं रेषा अंशाचा तिसरा हिस्सा सरकते.

"साहेब, एवढं महागाचं यंत्र, आन् उत्तर काठीनं बघताय व्हय?" शेतमालकांनी विचारलं.

सावलीवर दोरी ताणली, दोन ओळंबे सोडून ती रेषा खड्ड्यात ओट्यावर उतरवली, यंत्राची खूण तिच्याशी जुळवली, बुडबुडा मधोमध आणला, वर थर्मोकोलची पेटी.

पुढे मोठा भूकंप नोंदला गेला की पी-लहरीची पहिली हालचाल त्याच्या माहीत असलेल्या दिशेशी ताडायची. फरक निघाला तर नोंदी गणितानं फिरवायच्या. खड्डा उघडायचा नाही. उघडला की यंत्र पुन्हा स्थिरावायला वेळ घेतं.