खोकलेकाका

आमच्या घरात एक गृहस्थ रोज रात्री खोकतात. ते आमचे कोणी नव्हेत. त्यांना आम्ही कधी पाहिलेलं नाही, नाव ठाऊक नाही, आणि वयाचा हिशेब केला तर ते आज हयात असतील असंही वाटत नाही. साठेक वर्षांपूर्वी कोणाच्या तरी दिवाणखान्यात बिहाग रागाची बैठक रंगली होती, तिथे ते बसले होते. बहुधा मायक्रोफोनला अगदी खेटून. विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, सुरू होऊन अकरा मिनिटं झाली की बुवा गंधारावर, म्हणजे 'ग' या सुरावर, येऊन थांबतात, नुसते तंबोरे घुमत राहतात, सगळी बैठक श्वास धरून बसल्याचं इथे नाशकात बसून कळतं, आणि नेमके तेव्हाच हे काका खोकतात. तीनदा. तिसरा खोकला दाबलेला, बहुधा उपरण्यात तोंड खुपसून काढलेला.

बुवांचं नाव मुद्दामच सांगत नाही. नाहीतर तुम्हीही गाणं सोडून खोकला शोधत बसाल.

"अहो, आले बघा तुमचे खोकलेकाका," बायको ओटा पुसता पुसता आतून म्हणते. तिने सांगायची गरज नसते. अकराव्या मिनिटाला मी गंधारापेक्षा त्यांचीच वाट बघत असतो.

निवृत्तीनंतर हा नाद लागला. पूर्वी असं गाणं ऐकायचं तर शनिवारी रात्री साडेनऊला रेडिओला कान लावावा लागे. आकाशवाणीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम 1952 पासूनचा. त्या दिवशी पाहुणे आले किंवा वीज गेली, की ते गाणं गेलं ते गेलंच. आता प्रसार भारतीच्या संग्रहातलं कितीतरी गाणं मोबाइलवर मिळतं, शिवाय रसिकांनी घरोघरी जपलेल्या स्पूलच्या टेपा त्यांच्या मुलानातवंडांनी नेटवर चढवल्या आहेत. गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये सकाळी साडेदहाला मेथी निवडताना मी मारवा लावतो. मारवा हा राग संध्याकाळचा, हे कळतं हो. पण मेथी सकाळचीच असते.

सुरुवातीला मी शहाण्यासारखं गाणंच ऐकत होतो. मग कान हळूहळू इकडेतिकडे भटकायला लागला. सारंगी मिळवतानाची कुरकूर, तबल्यावर पडणारी हातोडी, कोणीतरी "पान आणा" म्हटलेलं. एका टेपेत रस्त्यावरून टांगा जातो, त्याची घंटा तबल्याच्या मात्रांमध्ये बसते न बसते आणि पुढे निघून जाते. पूर्वी मी तंबोरे जुळेपर्यंतचा भाग बोटाने पुढे सरकवायचो. हल्ली तेवढाच भाग दोनदा ऐकतो.

तीन मिनिटांच्या तबकड्यांमध्ये असली चैन नसते. तिथे सगळं आवळून बांधलेलं. गायिका गौहर जान 1902 साली कलकत्त्यात तबकडीसाठी गायल्या, तेव्हा तेवढ्याच वेळात ख्याल-ठुमरी बसवायची आणि शेवटी घाईघाईने "माय नेम इज गौहर जान" असं ठणकावून सांगायचं. कारण अगदी साधं. मेणाच्या मूळ तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथल्या कारागिरांना कळावं हा आवाज कोणाचा. पण ऐकताना मला दरवेळी वर्गात हजेरीला मोठ्याने "उपस्थित" म्हणणारी हुशार मुलगी दिसते. गाणं झालं, आता नोंद करून घ्या! ते गाणं मला फारसं आठवत नाही. ती हजेरी मात्र पाठ आहे.

माझ्या वडिलांकडे द. वि. पलुसकरांची एक तबकडी होती, 'ठुमक चलत रामचंद्र'. पलुसकर म्हणजे आम्हा नाशिककरांना घरचेच. त्यांचे वडील, गायक विष्णु दिगंबर पलुसकर, यांनी उतारवयात इथे रामनाम आधार आश्रम काढला, आणि ते 1931 मध्ये गेले तेव्हा बापूराव, म्हणजे हे द. वि., अवघे दहा वर्षांचे होते. पुढे विनायकबुवा पटवर्धन आणि नारायणराव व्यासांकडे तालीम झाली, नाव झालं, आणि 1955 मध्ये चौतिसाव्या वर्षी सगळं संपलं. वडील ती तबकडी लावताना एवढं सगळं सांगत, आणि शेवटचं वाक्य नेहमी सुई टेकवल्यावर म्हणत, म्हणजे पुढे कोणी काही विचारू नये.

त्या तबकडीला एक लांब चरा पडला होता. मिनिटाला 78 फेरे, म्हणून मिनिटाला 78 वेळा टक्. भजनाच्या लयीशी त्या टक्‌चा काही संबंध नव्हता, पण "बाजत पैंजनियाँ" आलं की मला खात्रीच वाटायची की रामाचं पैंजण ते हेच. परवा तेच भजन नेटवर सापडलं. स्वच्छ, लख्ख. आवाज तोच, तसाच मोकळा आणि कुठेही जोर न लावलेला. ऐकलं, डोळ्यांत पाणीही आलं. पण रामाच्या पायांत पैंजण नव्हतं.

हे मी मुलाला सांगितलं, तिथे माझी चूक झाली. तो पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो. दिवाळीच्या आधी चार दिवस घरी आला होता. त्याने बिहाग ऐकला आणि म्हणाला, "बाबा, तो खोकला काढून देतो. खरखर पण जाईल. दोन मिनिटांचं काम आहे." दोन नाही, वीस मिनिटं लागली. मग त्याने हौसेने हेडफोन माझ्या कानांवर चढवले.

खरखर गेली होती. तिच्याबरोबर तंबोऱ्यांच्या जवारीचा, म्हणजे तारेखालच्या दोऱ्याने येणारा, झणकारही गेला होता. खरखर आणि जवारी एकमेकींत इतक्या मिसळलेल्या असतात की यंत्राला दोघी बहिणीच वाटतात. उरला होता तो खोलीत डास फिरावा तसा आवाज. आणि अकराव्या मिनिटाला बुवा गंधारावर थांबले, थांबून राहिले, आणि काहीच झालं नाही. तिथे एवढा मोठा खड्डा पडला होता की मी दचकलो. बायको आतून बाहेर आली. "काय झालं? आज खोकले नाहीत?"

मुलगा आम्हा दोघांकडे बघत राहिला. जुनी फाइल ठेवली होती म्हणून बरं.

माहितीपट हा वेगळा मामला. तिथे डोळ्यांनाही काम असतं. भीमसेनजी मी वर्षानुवर्षं कॅसेटवर ऐकले. गुलजारांनी त्यांच्यावर केलेला माहितीपट फार उशिरा पाहिला. तोवर त्यांची तान मला फक्त आवाजातून माहीत होती. हात पाहिले आणि उलगडा झाला, की ती तान ते जमिनीतून उपटून काढत होते. खोकला त्यात नाही, पण चालेल.

सगळ्यात लांबचं ध्वनिमुद्रण गायिका केसरबाई केरकरांचं. 'जात कहाँ हो', भैरवी, जेमतेम साडेतीन मिनिटं. 1977 मध्ये व्हॉयेजर या अवकाशयानांबरोबर सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीवरून ती भैरवी आकाशात गेली. व्हॉयेजर-1 सुटलं 5 सप्टेंबरला, केसरबाई गेल्या 16 सप्टेंबरला. त्या तबकडीवर पाऊस आहे, बेडूक आहेत, आगगाडी आहे, माणसाचं हसणं आहे, अगदी मराठीतून नमस्कारसुद्धा आहे. गाणं मात्र रेकॉर्डसाठी गायलेलं, समोर कोणी बसलेलं नाही. उद्या तिकडे ते कोणी ऐकलंच, तर त्यांना वाटेल इथे माणसं गातात आणि बाकीचे मुकाट ऐकतात. समेवर मान हलते, जीभ टाळूला लागून "च्‌च्" होतं, मागून कोणीतरी "वाऽ" म्हणतं, हे त्यांना कोण सांगणार? ती तबकडी ठरवणाऱ्या समितीत एखादा नाशिककर हवा होता.

पाडव्याला पहाटे आम्ही दोघं नेहरू चौकात पिंपळपारावर गेलो. लक्ष्मीपूजनाच्या फटाक्यांचा धूर अजून गल्ल्यांमधून रेंगाळत होता, वर नाशिकची थंडी. गाणाऱ्या बाई तरुण होत्या. ललत राग सुरू झाला. त्यातले दोन मध्यम, म्हणजे 'म'चे दोन सूर, एकमेकांच्या अंगाला अंग घासून जाऊ लागले, पाराभोवतीची गर्दी एकदम शांत झाली, आणि माझ्या घशात खवखवायला लागलं. मी आवंढा गिळला. पुन्हा गिळला. बायकोने न बघताच पर्समधून खडीसाखर काढून माझ्या तळहातावर ठेवली, पण तोवर उशीर झाला होता. एक, दोन, आणि तिसरा मफलरमध्ये.

आमच्या पुढे बसलेल्या मुलाने मागे वळून बघितलं. मग हातातल्या फोनकडे बघितलं. रेकॉर्डिंग चालूच होतं.