आमची वाटचाल : न उठणारी पंगत

मुंबई विमानतळाच्या लाउंजमध्ये फोडणी देता येत नाही, हे मी आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तिथे स्वयंपाक होतो असं तुला सांगितलं कोणी?"

तिचं बरोबर होतं. लाउंजच्या, म्हणजे प्रवाशांच्या आरामकक्षाच्या, मागे आम्हाला मिळालेली पँट्री आमच्या पार्ल्याच्या दुकानाच्या मोरीएवढी. एक इंडक्शन, एक कॉम्बी (वाफ आणि गरम हवा दोन्हींवर चालणारा) अवन, दोन उभे फ्रीज आणि सिंक. गॅस नाही. डोक्यावर धूर हुंगणारा सेन्सर. पहिल्याच आठवड्यात आमच्या आचाऱ्याने सवयीने मोहरी-हिंग तडतडवली आणि अलार्म वाजला. आग विझवणारी माणसं धावत आली, कढईत चमचाभर मोहरी बघून परत गेली. मी मात्र मॅनेजरसमोर वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा अर्धा तास उभा होतो.

सुरुवात अगदी साधी. विलेपार्ले पूर्वेला आईचं पोळीभाजी केंद्र होतं. पार्ले-जीचा कारखाना 2016 पर्यंत चालू होता, त्यामुळे दुपारी चारला आमच्या भाजीलाही बिस्किटांचा वास यायचा. मी सहारला, विमानतळाजवळ, एका कार्गो एजंटकडे हिशेब लिहायचो. तिथल्या पोरांना आईचे डबे नेऊन द्यायला लागलो. फेब्रुवारी 2014 मध्ये नवीन टर्मिनल 2 वरून विमानं सुटू लागली आणि रात्रपाळीची माणसं एकदम वाढली. लोडर, सफाईवाले, ड्रायव्हर. रात्री दोनला गरम पोळीभाजी मिळण्याची सोय जवळपास नव्हतीच. नोकरी सोडली, मरोळला एक गाळा भाड्याने घेतला. वहिनी हिशेब आणि खरेदी बघू लागली, ती आजही बघते. मला विचाराल तर फर्म तिची आहे, बोर्डावर नाव माझं आहे.

2017 मध्ये लाउंज चालवणाऱ्या एका कंपनीने विचारलं, सकाळच्या नाश्त्यात काही मराठी देता येईल का? मी लगेच हो म्हणालो. इतक्या लगेच म्हणायला नको होतं.

पंगत आम्हाला माहीत होती. पंगतीत सगळे एकदम बसतात, वाढप्याला अंदाज असतो, आणि पंगत उठते. लाउंजमधली पंगत उठतच नाही. पहाटे चारला पहिला माणूस येतो, पाच ते नऊ झुंबड, मग ओसरते, एखादी फ्लाइट लेट झाली की पुन्हा भरते. कोण किती खाणार, काही सांगता येत नाही. म्हणजे अन्नाला वाट बघत थांबावं लागतं, आणि आपले बहुतेक पदार्थ तव्यावरून ताटात पडण्यासाठी जन्मलेले.

त्यात रस्ता. मरोळहून सहारला गाडीने पहाटे दहा मिनिटं लागतात. गेटपासून पँट्रीपर्यंत कधी कधी पाऊण तास. गाडीचा पास, प्रत्येक माणसाचा पोलीस पडताळणी झालेला पास, एकेक क्रेट एक्स-रेमधून. तपासणी हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण गरम अन्न साठ अंशांच्या वर आणि थंड पाचच्या खाली राहायला हवं, मधला पट्टा जंतूंचा, आणि रांगेत उभ्या असलेल्या हॉटबॉक्सला हे कोण समजावणार? पँट्रीतल्या सुऱ्यांवर नंबर असतात, पाळी संपताना मोजून रजिस्टरवर सही. एकदा सोलाणं सापडेना म्हणून आठ माणसं तासभर अडकली. ते कचऱ्याच्या पिशवीत, बटाट्याच्या सालींत होतं.

आता पोह्यांबद्दल. कांदेपोह्यांनी आमचं दीड वर्ष खाल्लं. मरोळहून गरम पोहे पाठवले की पोचेपर्यंत गोळा. बेन मारीत, म्हणजे गरम पाण्याच्या टेबलावर ठेवले की खालून वाफ, वरून एसी. तळाचा थर चिकट, वरचा थर खडखडीत. पाणी शिंपडून पाहिलं, तेल वाढवून पाहिलं, झाकण ठेवून पाहिलं. झाकणाखाली कोथिंबीर काळी पडते. प्रवाशाने एकदा अभिप्रायाच्या कागदावर लिहिलं होतं, "पोहे चावायला वेळ लागला, फ्लाइट चुकता चुकता राहिली." वहिनीने तो कागद गाळ्यात चिकटवून ठेवला.

मार्ग तिलाच सुचला. पोहे शिजवून पाठवायचेच कशाला? आता मरोळला फक्त फोडणी होते: तेल, मोहरी, हिंग, हळद, मिरची, कढीपत्ता, कांदा पूर्ण परतलेला. ती हॉटबॉक्समधून जाते. जाड पोहे कोरडेच जातात, त्यांना रांगेचं भय नाही. पँट्रीत ते चाळणीत धुवून निथळायचे, फोडणीत कालवायचे, मीठ-साखर, आणि कॉम्बीत चार मिनिटं वाफ. मोठा पॅन कधीच भरायचा नाही, अर्धाच. वीस मिनिटांत संपला नाही तर बदलायचा. खोबरं, कोथिंबीर, लिंबू बाजूला वाटीत. धूर नाही, अलार्म नाही. घरच्या पोह्यांची सर येते का? नाही. पण आई खाते, म्हणजे ठीक आहेत.

मिसळीने मात्र कधी त्रास दिला नाही. मटकीची उसळ जितकी थांबेल तितकी मुरते, कट वेगळा, फरसाण कोरडं. बटाटेवडे अर्धे तळून नेतो आणि कॉम्बीत संपवतो, नाक्यावरच्या कढईसमोर ते हरतात. तळणीच्या तेलाचं मीटर 2018 मध्ये घेतलं, पोलर कंपाउंड, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवलं की वाढणारे घटक, पंचवीस टक्क्यांवर गेले की तेल वापरायचं नाही हा नियम त्या जुलैत लागू झाला. साबुदाण्याची खिचडी मी देत नाही. आषाढीला दरवर्षी विचारणा होते, दरवर्षी नाही म्हणतो. लाउंजमधला साबुदाणा पंधरा मिनिटांत खळ होतो.

सगळ्यात वाईट सकाळ मे महिन्यातली. ओल्या खोबऱ्याची चटणी पहाटे आंबली. सुदैवाने आमच्या पोराने मांडण्याआधी चाखली. चूक सर्वस्वी आमची. चटणीवर गरम फोडणी ओतून लगेच झाकण लावलं होतं, आणि तो डबा तीन तास ना गरम ना थंड, त्या मधल्या पट्ट्यात बसला. आता फोडणी पूर्ण निवते, चटणी उथळ ट्रेमध्ये गार होते, मगच भरली जाते. मे महिन्यात ओलं खोबरं बंदच, शेंगदाण्याची कोरडी चटणी जाते.

1 जुलै 2019 च्या रात्री पावसात एक विमान मुख्य धावपट्टीवरून घसरलं. ती धावपट्टी काही दिवस बंद राहिली आणि लाउंजमधली माणसं हलेचनात. रेल्वेखालून जाणारा अंधेरी सबवे पाण्याने तुंबला की आमची पश्चिमेकडची पोरं अडकतात. दुसऱ्या दिवशी पँट्रीत होती तीन माणसं, कोरडा तांदूळ, मूगडाळ आणि पोह्यांसाठीची फोडणी. कॉम्बीत मूगडाळीची खिचडी लावली. बेत पत्रकात नव्हता, पण कोणी विचारलं नाही. पॅन धुवायलाही सवड मिळत नव्हती.

2020 मध्ये 25 मार्च ते 24 मे देशांतर्गत विमानं बंद होती. त्या दोन महिन्यांत आम्ही पुन्हा पोळीभाजीवर आलो, आईच्या जुन्या दुकानातून. त्याबद्दल जास्त लिहावंसं वाटत नाही.

नंतर कार्डवाल्यांची गर्दी आली. रुपे कार्डावर दोन रुपये कापून लाउंज मिळायचं, म्हणून लोक घरून उपाशी निघू लागले. टिश्यूत वडे बांधून नेणारेही दिसले. मला त्यांचा राग येत नाही, नवी मुंबईहून पहाटे तीनला निघालेला माणूस आणखी काय करणार? पण आम्हाला पैसे माणशी मिळतात आणि दर जुनाच होता. मग बँकांनीच खर्चाच्या अटी घातल्या, तेव्हा गर्दी जरा उतरली.

बिलांचं रडगाणं वेगळं. आमच्या धंद्यात साठ-नव्वद दिवस थांबणं नेहमीचं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, होतीच. 2023-24 या आर्थिक वर्षापासून छोट्या उद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत न देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी आयकरात दाखवता येत नाही. वहिनीने प्रत्येक बिलावर नोंदणी क्रमांक ठळक छापायला सुरुवात केली. फोन न करता पैसे येऊ लागले, निदान काही जणांकडून.

उरलेल्या अन्नाचा प्रश्न आईच्या गळी उतरत नाही. वेळ भरली की पॅन रिकामा करायचा, बाहेर न्यायचं नाही, वाटायचंही नाही. तिला मी आकडा सांगत नाही.

सध्या थालीपीठ चालू आहे. भाजणी घरचीच. मोठं थापलं की दहा मिनिटांत चामडं होतं. तळहाताएवढी करून, कडेला लोणी लावून, कॉम्बीत दोन मिनिटं ठेवली तर पंचवीस मिनिटं टिकतात. मंगळवारी पुन्हा करून बघणार आहोत, भाजणीत ज्वारी थोडी कमी करून.