रोपवे बंद होता त्या दिवशी

बडोद्याहून पावागडला माणसं नेणं हा माझा धंदा. अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर. लोक सकाळी निघतात, डोंगराच्या मध्यावरच्या माचीहून रोपवेने वर जातात, कालिकामातेचं दर्शन घेतात आणि जेवायला घरी. पायथ्याशी चांपानेरचं अख्खं शहर पडलंय, २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण गाडीची काच खाली करूनही कोणी बघत नाही. मी आग्रह करणं केव्हाच सोडलं होतं. गिऱ्हाईक म्हणेल ते.

त्या दिवशी दांडिया बाजारातलं बायकांचं भिशी मंडळ होतं. सगळ्या साठीच्या पुढच्या. एका काकूंचे दोन्ही गुडघे बदललेले. "रोपवे आहे म्हणून आले हो. नाहीतर देवीनंच खाली येऊन भेटावं," हे त्यांनी हालोल येईपर्यंत तीनदा ऐकवलं. माचीला पोचलो तर वाऱ्यामुळे रोपवे बंद! कधी सुरू होणार विचारलं, तर खिडकीतल्या माणसाने नुसतं आभाळाकडे बोट केलं.

चेहरे उतरले. पायऱ्या चढायची कोणाची तयारी नव्हती. वेळ काढायला मी हुमायूनची गोष्ट काढली. १५३५ मध्ये त्याने हा किल्ला घेतला तो रात्री कड्यात लोखंडी खुंट्या ठोकून. एकेक माणूस वर चढत गेला. चाळिसावा त्याचा सरदार बैरामखान, एकेचाळिसावा स्वतः बादशहा.

"त्याचे गुडघे स्वतःचे होते," काकू म्हणाल्या.

वारा पडेपर्यंत खाली उतरून जामा मशीद बघू, असं सुचवलं, तर एकीने तोंड वाकडं केलं, "देवीला निघालो आणि मशीद बघायची?" मी पैज लावली: दहा मिनिटं बघा, नाही आवडली तर संध्याकाळी सेव-उसळ माझ्याकडून.

गुजरातचा सुलतान महमूद बेगड्याने जवळजवळ वीस महिने वेढा घालून १४८४ मध्ये इथल्या पटाई रावळ राजांकडून पावागड घेतला आणि पायथ्याशी आपली राजधानी वसवली. पन्नास वर्षांत हुमायून आला, मग दरबार उठून परत अहमदाबादला गेला आणि शहरावर जंगल चढलं. हे सगळं मी पाठ केल्यासारखं बोलत होतो आणि ऐकत कोणी नव्हतं. सगळ्या वर बघत होत्या. १७२ खांबांचं हे दालन, पण खरी मजा छतात आहे. पाकळीत पाकळी गुंतलेली दगडी कमळं. कारागीर इथलेच, हात देवळांवर बसलेला. त्यामुळे वेल, कमळ, कलश सगळं मशिदीत आलं.

गुडघेवाल्या काकू निवृत्त चित्रकला शिक्षिका निघाल्या. खांबाला टेकून बसल्या, भिशीची वही उलटी धरली आणि मागच्या पानावर ठिपके मांडायला लागल्या. कमळ काही जमेना. "तेराला तेरा नाही हे. मधे एक ओळ तिरकी सरकलीय." झालं, बाकीच्या भोवती जमल्या. कोणी ठिपके पुसले, कोणी वाढवले, पेन्सिल या हातातून त्या हातात. तोंड वाकडं करणाऱ्या बाई मोबाईलची बॅटरी छताकडे धरून उभ्या, हात दुखला की दुसऱ्या हाताने. दहा मिनिटांचा दीड तास कधी झाला कळलं नाही. इतकी वर्षं मी तिथे खांबांचा आकडा सांगत आलो, पण ती तिरकी ओळ मला दिसली नव्हती.

बाहेर झाडाखाली पुरी-भाजीचे डबे उघडले. डोंगराकडे बघत मी सांगितलं, आपली विश्वामित्री नदी इथूनच निघते. "म्हणजे २०२४ च्या पुरात आमच्या जिन्यात आलेलं पाणी इथलं?" इथलं, आजवा तलावाचंही. नदीतल्या मगरी मात्र आपल्या बडोद्याच्याच. मग पावागड गायकवाडांचा होता का, असं कोणीतरी विचारलं. नाही, हा सगळा पंचमहाल ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा. १८५३ मध्ये कारभार इंग्रजांकडे गेला.

"शिंद्यांचा म्हणजे घरचाच की!" काकू म्हणाल्या आणि आणखी एक पुरी घेतली.

साडेतीनला माचीवरच्या प्रसादाच्या दुकानदाराचा फोन आला, रोपवे सुरू झाला. पळापळ करून सगळ्यांना वर नेलं. रोपवेतून उतरल्यावरही पायऱ्या आहेतच. त्या काकूंनी दोघींच्या खांद्यावर हात टाकून, मधे तीन वेळा बसून पार केल्या. गर्दी ओसरलेली, दर्शन निवांत. २०२२ पासून देवळाचं शिखर नवं आहे, ध्वज आहे, तो बघून सगळ्यांनी हात जोडले.

बडोद्यात शिरताना मी सहज म्हटलं, पैज मी जिंकलो, सेव-उसळ तुमच्याकडून.

"मशीद आवडली असं कोण म्हणालं?" वही पिशवीत कोंबत काकू उत्तरल्या. "आम्ही नक्षी उतरवत होतो. गाडी थांबवा, मला तर्री जास्त लागते."

बिल मीच दिलं. तेही पावाच्या दोन जादा लाद्यांसकट.