कोथिंबिरीची जुडी

रविवारी ऐरोलीहून भाचा येतो. जेवण झालं की माझ्या कॉम्प्युटरचा ताबा त्याच्याकडे, आणि मी मागे दिवाणावर आडवा. परवा सेलमध्ये स्वस्तात मिळालेला 'फायनल फँटसी १३' लावून बसला होता. अर्ध्या तासाने म्हणाला, "मामा, ह्यात नुसतं पुढेच जायचंय."

उठून बघितलं. खरंच की. चिंचोळ्या वाटा, आणि नकाशा म्हणजे एक लांबलचक शेपूट. गेम २००९ सालचा. प्रकरणं तेरा, आणि मोकळं रान लागतं ते अकराव्यात. मी त्याला हे सांगितलं नाही. ज्याचं त्याने भोगावं.

बोट धरून न्यायला माझी हरकत नाही, पण त्याला काही सुमार? १८५३ साली पहिली आगगाडी सुटली तेव्हा रूळ बोरीबंदरपासून ठाण्यापर्यंतच होते. ३४ किलोमीटर झाले, उतरा, पुढे तुमचं तुम्ही बघा. एवढं ठीक आहे. २००२ च्या 'मॉरोविंड' ह्या गेममध्ये तर तेवढंही नाही. जहाजातून उतरवतात, नाव, वंश, जन्मरास लिहून घेतात (हो, जन्मरास!) आणि हातात एक पाकीट देतात. बालमोरा गावात अमुक माणसाला नेऊन दे. संपलं. पाकीट खिशात घालून तुम्ही आठ दिवस उलट्या दिशेला भटकलात तरी मागून हाक येत नाही. शेवटी लाजेकाजेस्तव त्या माणसाकडे गेलात, तर तोच म्हणतो, आधी जरा हिंड, चार कामं कर, मग ये.

मला हे फारच मानवतं. 'विचर ३' मी कितीतरी महिने खेळतोय आणि सुरुवातीच्या व्हाइट ऑर्चर्ड भागातलं, नकाशावरचं एकही प्रश्नचिन्ह सोडलेलं नाही. गोष्टीत नायकाची, गेराल्टची, मानलेली मुलगी, सिरी, हरवली आहे. तिच्या मागावर भयंकर लोक आहेत. आणि हा बाप, म्हणजे मी, दिसेल त्या खानावळीत शिरून ग्वेंटचे पत्ते कुटतो. बिघडत काहीच नाही. आपण पोचेपर्यंत सिरी थांबते.

आमच्या ठाण्यातल्या नौपाड्यात हिंडून ये म्हणणारं कुणी नव्हतं. आई होती. "जांभळी नाक्यावरून कोथिंबिरीची जुडी आण. सरळ जा, सरळ ये." मी नऊ वर्षांचा. सरळ गेलो, ह्यात खोटं नाही. जुडीही घेतली. पण तिथून तलावपाळी ती किती लांब! गडकरी रंगायतनपाशी टेम्पोतून नाटकाचा सेट उतरवत होते. आधी चौकटीसकट एक दरवाजा आला. मग सोफा. मग जिना. चारच पायऱ्या, आणि चौथीच्या वर काहीच नाही. दोघांनी तो आडवा धरून आत नेला. आता तो जिना आत कुठे लावतात आणि त्यावरून माणूस जातो कुठे, हे बघितल्याशिवाय घरी कसं जायचं? दाराशी ताटकळत राहिलो. एकाने हाकललं, दुसऱ्या बाजूने गेलो. मग कठड्यावर बसून बोटी मोजल्या. मग परत दाराशी.

दीड तास झाला होता म्हणे.

बाबा कौपिनेश्वराच्या बाजूने येताना दिसले. दुपारच्या झोपेतून उठून आलेले. शर्टाची बटणं एक घर चुकून लागलेली, त्यामुळे एक टोक खाली लोंबत होतं. ऑफिसला जाताना रुमालाची घडीसुद्धा मोडू न देणारा माणूस. मला बघितलं आणि उभेच राहिले. मला वाटलं, आता फटका बसणार. पण त्यांनी जुडी घेतली, जी तोवर पार माना टाकून बसली होती, आणि माझं मनगट धरलं. घर येईपर्यंत सोडलं नाही. जिन्याबद्दल मी सांगत होतो, ते त्यांना ऐकू येत होतं की नाही कोण जाणे.

संध्याकाळी भाचा गेल्यावर 'विचर' लावला. खानावळवाला पत्ते पिसून बसलेलाच होता. एक डाव टाकला. मग दुसरा नाही टाकला.